लोकसहभागी हवामान संशोधन आणि अर्थसाहाय्य : आंबेगाव-जुन्नर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
हवामान बदलाला तोंड देण्याची प्रदेशाची क्षमता केवळ उपग्रहीय नकाशांवरून समजत नाही. त्यासाठी स्थानिक लोकांचा अनुभव व नोंदीही आवश्यक असतात. अशा संशोधनास अर्थसाहाय्य कोणत्या स्वरूपात मिळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसराचे स्वरूप :
मंचर ही आंबेगाव तालुक्यातील प्रमुख बाजारपेठ होय. तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरचा अतिवृष्टीचा आदिवासी पट्टा, पूर्वेस डिंभे धरणाच्या पाण्यावरील बागायत, तर सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावरील बटाटा आढळतो. साहजिकच संकटाचे रूप गावागणिक बदलते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे दरड कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंबेगाव-जुन्नरमधील आदिवासींच्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले व भरपाईचा प्रश्न काही वर्षे रेंगाळला. हिरड्याच्या उत्पन्नाची नोंद गावाकडेच असेल, तर अशा वेळी तिचा आधार घेता येतो. मात्र ती वर्षानुवर्षे ठेवावी लागते.

अर्थसाहाय्याचा प्रश्न :
महाविद्यालयीन प्राध्यापकांचे लघुसंशोधन प्रकल्प सामान्यतः एक-दोन वर्षांचे असतात. उपकरणे, ग्रंथ व प्रवास यांसाठी त्यांत तरतूद असते. परंतु विहिरीची पातळी रोज मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या वेळेचा विचार क्वचितच होतो. मुदत संपताच नोंदीही थांबतात.

या दृष्टीने १९९२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम मार्गदर्शक ठरतो. त्यात प्रथम क्षमता बांधणीचा टप्पा असे. गावाने श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारून छोट्या क्षेत्रावर काम करून दाखविल्यानंतरच पूर्ण अंमलबजावणीचा निधी मिळे. विश्वास संपादन करण्याचा काळ हा खर्चाचा अधिकृत भाग मानला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे जुन्नरलगतच्या अकोले व संगमनेर तालुक्यांत नाबार्ड आणि स्विस विकास संस्थेच्या साहाय्याने ‘वॉटर’ संस्थेने हवामान अनुकूलन प्रकल्प राबविला. त्यात गावपातळीवर हवामान केंद्रे उभारून शेतकऱ्यांना पीकसल्ला देण्यात आला.

समारोप :
वरील विवेचनावरून अनुदानाच्या रचनेत तीन बदल आवश्यक वाटतात. पहिले, पूर्वतयारीच्या वर्षासाठी स्वतंत्र तरतूद असावी. दुसरे, नोंदी ठेवणाऱ्या ग्रामस्थांना मानधन मिळावे व नोंदींची प्रत ग्रामपंचायतीकडे राहावी. तिसरे, प्रकल्प संपल्यावरही नोंदी चालू ठेवण्यासाठी महाविद्यालयास अल्प, पण नियमित रक्कम मिळावी. प्रकल्प येतात व जातात. महाविद्यालय मात्र तेथेच राहते आणि त्याचे विद्यार्थी याच गावांतून येतात. ही सातत्याची शक्ती अनुदान देणाऱ्या संस्थांनी ओळखणे गरजेचे आहे.