‘टर्न’ म्हणजे ‘राउंड’ नाही : डी अँड डीमधल्या पॉवर नीट कशा वाचायच्या?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे ऐकलं असेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. ना बोर्ड, ना स्क्रीन. फासे, कागद आणि गप्पा. आम्ही इथे देवळीत चौघं जण खेळतो. फासे मोबाइलवर, नियम मोबाइलवर, आणि भांडणं मात्र समोरासमोर.

भांडण जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीवरून होतं : माझ्या पात्राची ही पॉवर नेमकी काय करू शकते? परवाचंच घ्या. आमच्यातला एक जण ‘रोग’ खेळतो (आजार नव्हे, चपळ चोर!). ओगर नावाचा राक्षस त्याला सोडून बेशुद्ध पडलेल्या जादूगाराकडे वळला. त्या जादूगाराचं पात्र मित्राने आठ महिने वाढवलेलं. ओगर पोचला असता तर ते संपलंच असतं. ओगरचे ११ हिट पॉइंट उरले होते. शत्रू तुमच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर जायला लागला की तुम्हाला एक फुकटचा वार मिळतो, त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक म्हणतात. पण रोगच्या खंजिराचं डॅमेज होतं १ डी ४ अधिक ४, म्हणजे फार तर ८. स्नीक अटॅकचे आणखी ३ डी ६ मिळाले तरच काम होणार.

डीएम म्हणाला, “नाही मिळत. स्नीक अटॅक एका फेरीत एकदाच, तू मघाशीच वापरला.”

रोगवाला उसळला, “काहून बे? कुठं लिवलं हाय?”

डीएमच्या मराठी नोट्समध्ये तसंच लिहिलं होतं. त्याने इंग्रजी नियम भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून नोट्स काढल्या होत्या, आणि तिथे ‘टर्न’ आणि ‘राउंड’ दोन्हींची ‘फेरी’ झाली होती. इंग्रजी नियमात शब्द आहे ‘वन्स पर टर्न’. आता फरक बघा. राउंड म्हणजे साधारण सहा सेकंदांची पूर्ण फेरी, तिच्यात सगळ्यांची पाळी येऊन जाते. टर्न म्हणजे एकाची पाळी. ओगर पळतोय ती ओगरची पाळी, रोगची नाही. म्हणजे ही वेगळी टर्न, आणि स्नीक अटॅक पुन्हा चालतो. आमचा फायटर ओगरला खेटून उभा होता, त्यामुळे बाकीची अटही पूर्ण होत होती. रिॲक्शन एका राउंडमध्ये एकच मिळते, त्यामुळे हे रोज रोज होत नाही. पण एका चुकीच्या शब्दामुळे ३ डी ६, म्हणजे सरासरी साडेदहा डॅमेज, कायमचं हातचं गेलं असतं. माझा सल्ला सोपा आहे : टर्नला ‘पाळी’ म्हणा, राउंडला ‘फेरी’ म्हणा, आणि नोट्समध्ये हे दोन शब्द कधीच मिसळू देऊ नका.

आता स्नीक अटॅकचाच आणखी एक घोळ. नाव ऐकून वाटतं की लपूनच मारायला हवं. नियमात मात्र लपण्याची अट नाहीच. ॲडव्हान्टेज पाहिजे, किंवा निशाण्यापासून पाच फुटांच्या आत त्याचा दुसरा कोणी शत्रू शुद्धीत असला पाहिजे आणि तुम्हाला डिसॲडव्हान्टेज नको. शिवाय शस्त्र ‘फिनेस’ किंवा ‘रेंज्ड’ हवं. म्हणून फेकलेला खंजीर चालतो (तो फिनेस आहे), पण फेकलेली छोटी कुऱ्हाड चालत नाही. कारण कुऱ्हाड फेकली तरी ती मेली वेपनच राहते, म्हणजे जवळून लढायचं शस्त्र. वार लांबून झाला, शस्त्र बदललं नाही. पॉवरचं नाव ही फक्त पाटी असते. दुकानात काय आहे ते आत जाऊनच बघावं लागतं.

देवनागरीत कॅपिटल अक्षर नसतं!

ही अडचण मराठीत खेळणाऱ्यांचीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. इंग्रजी नियमात साधा ‘अटॅक’ वेगळा आणि मोठ्या ए-ने लिहिलेली ‘अटॅक ॲक्शन’ वेगळी. पहिला म्हणजे कुठलाही वार. दुसरी म्हणजे आपल्या पाळीत ‘मी अटॅक ॲक्शन घेतो’ असं सांगून वापरलेली ॲक्शन. फायटरची पाचव्या लेव्हलची एक्स्ट्रा अटॅक पॉवर म्हणते की तुमच्या पाळीत अटॅक ॲक्शन घेतली की एकाऐवजी दोन वार. अपॉर्च्युनिटी अटॅक हा वार आहे, पण अटॅक ॲक्शन नाही. म्हणून तिथे एकच वार. उलट, ॲक्शन सर्ज तुम्हाला अख्खी आणखी एक ॲक्शन देते. तिच्यात परत अटॅक ॲक्शन घेतली की पुन्हा दोन, एकूण चार वार. नुसतं ‘हल्ला’ असं भाषांतर केलं तर हा सगळा हिशेब गायब! आम्ही आता साध्या अटॅकला ‘वार’ म्हणतो आणि अटॅक ॲक्शन तशीच ठेवतो.

आणि दोन नियम एकमेकांच्या आड आले तर? डी अँड डीचं उत्तर असं की खास नियम सर्वसाधारण नियमाला हरवतो. हे आपल्याला नवीन नाही. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एक दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वजीर’ आणला, तो कोणत्याही दिशेने पळू शकतो. पण ही सूट दिशेपुरती आहे. गडी बाद करायला त्यालाही हात लावावाच लागतो. डी अँड डीतही तसंच : पॉवर जेवढी सूट शब्दांत देते तेवढीच मिळते, बाकीचे नियम जागेवर.

काही वेळा मात्र शब्दच दगा देतात. २०१४ च्या नियमांत ‘इनव्हिजिबल’ची दोन कलमं आहेत. पहिलं म्हणतं, जादूशिवाय हा दिसत नाही. दुसरं म्हणतं, याच्यावर वार करताना डिसॲडव्हान्टेज. दुसऱ्या कलमात ‘दिसत नसेल तर’ असं नाहीच! मग जादूने तो स्पष्ट दिसत असला तरी अक्षरशः वाचलं तर डिसॲडव्हान्टेज राहतं. हे कोणालाच पटत नाही, मलाही नाही. २०२४ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं : बघणाऱ्याला तुम्ही दिसत असाल तर त्याच्यापुरता फायदा नाही. तोवर प्रत्येक टेबलावर निर्णय डीएमचाच होता, आणि तो तसाच असतो.

म्हणूनच वाद घालण्याआधी आवृत्ती विचारा. एआय चॅटला विचारलंत तर तो २०१४ आणि २०२४ ची खिचडी करून अगदी आत्मविश्वासाने वाढतो. त्यापेक्षा मूळ कागद बघा. एसआरडी ५.१ (जुने नियम) जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आला, नव्या नियमांचा एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. ५.१ ची पीडीएफ सुमारे ४०० पानांची आहे. मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि पीडीएफ ॲपमधल्या शोधाच्या भिंगात पॉवरचं इंग्रजी नाव टाका. पूर्ण परिच्छेद वाचा, नुसतं पहिलं वाक्य नको, कारण अटी बहुतेक शेवटीच असतात. मूळ श्रेय दिलं तर या परवान्यात भाषांतर करून शेअरही करता येतं. आम्ही रोग आणि फायटरचं मराठी पान तयार केलंय, पुढचा नंबर जादूगाराचा.