डेगूसाठी पिंजरा निवडताना

डेगूसाठी हट्ट मुलं धरतात, पण पिंजरा आपणच निवडायचा असतो. डेगू हा चिली देशातला कुरतडणारा प्राणी. तिथे तो बिळं खणून गटाने राहतो, दिवसा हिंडतो. म्हणून एकटा ठेवू नका. दोन माद्या किंवा दोन नर एकत्र ठेवा. पिंजरा उंच, दोन-तीन मजली, धातूच्या जाळीचा घ्या. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे प्लॅस्टिक टिकत नाही. तळाला मात्र जाळी नको, पायांना जखमा होतात. लाकडी फळ्या, वाळलेलं गवत, अंग घोळायला बारीक वाळू ठेवा. थेट ऊन टाळा. डेगू सारखा गज चावतोय? त्याला खोडकर म्हणू नका, जागा कमी पडतेय का ते मुलांसोबत बघा.