मदार शिवणीवर

ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला न्यूयॉर्क राज्यातलं बफलो शहर आहे. सरोवर गोठायच्या आधी त्यावरून येणारे थंड वारे वाफ उचलतात आणि किनाऱ्यावर बर्फ ओततात. नोव्हेंबर 2022मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे 80 इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. अशा मुलखात एखाद्या बैठ्या घराचं किंवा मागाहून वाढवलेल्या खोलीचं छप्पर 12 इंचांत जेमतेम एक इंच उतरत असेल, तर त्यावर पत्रा कोणता घालावा?

पत्र्यावरून बर्फ घसरून जातो हे खरं, पण चांगला उतार असला तर. कमी उतारावर तो ठाण मांडून बसतो. घरातली ऊब वर झिरपते, थराच्या बुडाचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीकडे सरकतं आणि भिंतीबाहेरच्या गार कडेवर पुन्हा गोठतं. तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि मागचं पाणी तुंबतं. कोकणात धो धो पाऊस पडला तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं. इथे ते जोडांवर दिवसेंदिवस उभं राहतं.

म्हणून वरून स्क्रू मारलेला स्वस्त पत्रा मी अशा छपरासाठी सरळ बाद करतो. तापमानात 60 अंशांचा फरक पडला की 12 मीटर लांबीचा पोलादी पत्रा आठ-नऊ मिलिमीटरने लांबतो किंवा आखडतो. ॲल्युमिनियमचा जवळपास दुप्पट. ही सगळी ओढाताण स्क्रूंच्या भोकांवर येते. भोकं रुंदावतात, रबरी वॉशर कडक होऊन चिरतात.

इथे हवी ती उभी, दुहेरी दुमडलेली शिवण. पत्र्याचं भेंडोळं कामावरच यंत्रातून काढून माथ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पट्टा घडवतात, त्यामुळे आडवा जोड राहत नाही. दोन पट्ट्यांच्या कडा उभ्या करून त्यांच्या आत क्लिपा लपवतात. काही क्लिपा सरकत्या असतात, म्हणून पत्र्याला हलायला वाव मिळतो. कडांमध्ये ब्युटाइलचा चिकट लेप भरतात. मग विजेवर चालणारं छोटं यंत्र शिवणीवर बसवतात. ते रुळांच्या चिमटीत कडा धरून स्वतःच पुढे सरकत जातं. आधी एक घडी पडते, मग त्याच घडीची दुसरी. शिंप्याच्या दुहेरी शिवणीसारखी कड आत गुंडाळली जाते. नुसती दाबून अडकवायची शिवण बसवायला सोपी असते, पण ती चढ्या छपरासाठी ठीक.

अमेरिकेची निवासी बांधकाम संहिता उभ्या शिवणीच्या पत्र्याला 12 इंचांत पाव इंच उतारही चालवून घेते. पत्रा बनवणारे मात्र बहुधा जास्त मागतात, आणि त्यांची हमी त्यांच्याच अटीवर मिळते. तो आकडा लेखी घ्यावा.

पत्र्याखाली चिकटणारा जलरोधक थर लागतो. बर्फाच्या प्रदेशात तो कडेपासून भिंतीच्या आत 24 इंचांपर्यंत असावा, असा नियम आहे. उतार इतका कमी असेल तर मी तो सबंध छपरावर, तोही उष्णता सोसणारा, घालायला सांगेन. आणि पैसे अपुरे पडत असतील तर रंगाची चैन सोडावी, छताखालचं उष्णतारोधक भरण नाही. बांध वाढतो तो निसटलेल्या उबेवरच.

छपरातून बाहेर येणारे नळ दोन शिवणींच्या बरोबर मधोमध घ्यावेत, जमेल तितके माथ्याजवळ, म्हणजे वरून रेटणारा बर्फ कमी राहतो.