उथळ पाण्याचे मोल

बुलढाणा जिल्ह्यातील तलावांचा गाळ व मुरूम महामार्गाच्या भरावासाठी उपसून त्यांची साठवणक्षमता वाढविण्याचा जो प्रयोग झाला, तो ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने सर्वत्र वाखाणला गेला. त्याचे महत्त्व याच जिल्ह्यातील धाड गावच्या शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. परंतु पाण्याचा साठा आणि पाणथळ भूमी या भिन्न वस्तू होत. सूर्यप्रकाश तळाशी पोहोचेल अशा उथळ काठावरच पाणवनस्पती रुजतात, त्यांच्या आश्रयाने मासे अंडी घालतात आणि पाणपक्षी चरतात. तो काठ उभा कापला गेला की पाणी वाढूनही जीवसृष्टी ओसरते.

हा भेद पाण्यावर पोट असणाऱ्यांस पुरता ठाऊक असतो, आणि त्यांचे ज्ञान शास्त्राच्या कसोटीस लावणे हे मानवशास्त्राचे एक मोठे कार्य आहे. बाली बेटावरील जलमंदिरांतून ठरणाऱ्या भातशेतीच्या पाळ्या हरितक्रांतीच्या धोरणाने बाजूस सारल्या असता, पाण्याची वाटणी आणि किडींचा बंदोबस्त ही दोन्ही कामे त्याच पाळ्या करीत होत्या, हे स्टीफन लॅन्सिंग या मानवशास्त्रज्ञाने सिद्ध केले.

आपल्याकडे भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलावांची कथा अशीच आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपल्यावर सरकारजमा झाले. पुढे रोहू-कटल्याच्या पैदाशीस प्राधान्य मिळाले, काठ बेशरम नावाच्या तणाने व्यापले आणि देशी मासा दुर्मिळ झाला. तेव्हा अभ्यासक मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी, कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयास राहतो, हे ढिवर मच्छीमारांकडूनच समजून घेतले. उन्हाळ्यात पाणी उतरताच बेशरम मुळासकट उपटावयाचे, तळ नांगरावयाचा आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावावयाच्या, हे कष्टाचे काम ढिवर स्त्रियांनी हाती घेतले. त्या तलावांत वनस्पती पुन्हा वाढल्या आणि देशी मासे परतले.

धोरण मात्र मागे राहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरास 2020 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान लाभले, हे उचितच. पण 2017 च्या पाणथळ नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणून ग्रामसभांनी 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या तलावातील वनस्पती, मासे व पक्षी यांची नोंद जाणत्या माणसांकडून करून घ्यावी, आणि उपशाचा ठराव करण्यापूर्वी काठाचा कोणता भाग उथळ राखावयाचा, हे त्याच ठरावात लिहून ठेवावे.