मोशीचे लायसन्स, मिशिगनचा रस्ता

दापोडीतून हॅरिस पूल ओलांडला की एमएच-१४ संपते आणि एमएच-१२ सुरू होते. खिशातल्या लायसन्सला त्याचे काही सोयरसुतक नसते. संगम पुलाजवळच्या आरटीओने दिलेले लायसन्स मोशीतही नवे करून मिळते. देशाची हद्द ओलांडल्यावर मात्र हिशेब बदलतो, आणि पिंपरी-चाकण पट्ट्यातून परदेशी नोकरीला गेलेल्यांच्या घरोघरी गैरसमज रुजतात ते इथेच.

"पासपोर्टसारखे लायसन्सही भारतीय वकिलातीत नवे होते."

होत नाही. पासपोर्ट केंद्र सरकारचा आणि वकिलातही केंद्राचीच, म्हणून तिथे तो मिळतो. लायसन्स देते ते राज्याचे परिवहन खाते. त्याचा अर्ज 'सारथी' पोर्टलवरून आरटीओकडेच जातो, आणि चाळिशी उलटलेली असेल तर सोबत नमुना १-अ मधले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. गैरसमजाला आधार अगदीच नाही असे नाही. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची, म्हणजे आयडीपीची, मुदत संपली तर वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय केंद्राने ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने केली. सोय आयडीपीपुरती आहे. एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना 'आंतरराष्ट्रीय' शब्द गळतो आणि 'परवाना' तेवढा उरतो. शिवाय तो अर्जही शेवटी आरटीओकडेच येतो.

"मुदत संपली तरी महिनाभर चालते, आणि पाच वर्षांत कधीही नूतनीकरण करता येते."

हे सांगणारे वडीलधारे खोटे बोलत नाहीत. ते जुना कायदा सांगतात. तीस दिवसांची सवलत खरोखर होती, पाच वर्षांची मर्यादाही होती. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सवलत काढली आणि पाचाचे एक केले. आता मुदतीआधी एक वर्षापासून मुदतीनंतर एक वर्षापर्यंत अर्ज करावा. त्यापुढे पुन्हा चाचणी, आणि ती देण्यासाठी स्वतःच यावे लागते. फसगत अधिक होते ती जुन्या लायसन्सच्या लांबलचक मुदतीमुळे. तेव्हा वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांतले जे आधी येईल तोवर ते चाले. २००६ साली चोविसाव्या वर्षी काढलेल्या लायसन्सवर २०२६ ची तारीख असते, आणि वीस वर्षांनंतरची तारीख कोण ध्यानात ठेवतो?

"आयडीपी असला की तिकडचे लायसन्स काढायला नको."

आयडीपी हे मूळ लायसन्सचे भाषांतर आहे. फार तर वर्षभर चालते, आणि मूळ लायसन्स संपले की तेही संपते. पहिल्या महिन्यात भाड्याची गाडी त्यावर विनातक्रार मिळते, म्हणून विश्वास बसतो. पण ती पाहुण्याची सोय. रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्स जर्मनीत सहा महिने, ब्रिटनमध्ये बारा महिने चालते. पुढे तिथली परीक्षा. चाकणमध्ये शेजारच्या टेबलावर बसणारा कोरियन सहकारी जर्मनीत गेला तर त्याला परीक्षेविना लायसन्स बदलून मिळते, मराठी अभियंत्याला नाही. यात कोणाच्या कौशल्याचा प्रश्न नाही; जर्मनीने मान्य केलेल्या देशांच्या यादीत दक्षिण कोरिया आहे, भारत नाही.

"अमेरिकेत एकदा टेस्ट पास झाली की पुढे नुसती फी भरायची."

शेजारचा अमेरिकन तसेच करतो, म्हणून हे खरे वाटते. परक्या नागरिकाचे गणित निराळे. २००५ च्या रिअल आयडी कायद्यानुसार तात्पुरत्या मुक्कामाच्या माणसाला त्या निकषांचे लायसन्स अधिकृत वास्तव्याच्या मुदतीपुरतेच मिळते. मुदत ठरलेली नसेल तर एका वर्षापुरते. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा, म्हणजे लायसन्सही त्याच मापाचे. नूतनीकरणाच्या वेळी राज्याचे कार्यालय 'सेव्ह' या केंद्रीय यंत्रणेवर वास्तव्याची नोंद तपासते. पासपोर्टवर आणि व्हिसाच्या कागदांवर वडिलांचे नाव वेगवेगळ्या रकान्यांत पडले असेल, तर ताळा बसेपर्यंत थांबावे लागू शकते. व्हिसाची मुदतवाढ वेळेत मागितली असेल तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येते. लायसन्स मात्र त्याबरोबर आपोआप वाढत नाही: काही राज्ये अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत देतात, काही मंजुरीचे पत्रच मागतात. अशा राज्यात माणूस कायदेशीरपणे कामावर जाऊ शकतो, पण स्वतः गाडी चालवू शकत नाही.