वाटसरूच्या पानात खानदेश

श्रोतेहो, परगावचा पाहुणा दाराशी आला म्हणजे आपली धांदल उडते. ‘त्याला कळण्याची भाकरी कशी वाढायची? तो काय म्हणेल?’ असे म्हणून आपण बाजारातून पनीर आणायला मुलाला पिटाळतो. हा संकोच कितपत खरा, ते आज जरा पाहू या. त्यासाठी चारशे वर्षे मागे जावे लागेल.

सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना रस्ता आपल्या खानदेशातून जाई. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ही त्यावरची गावे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण त्या काळी ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तिथे पोचला. उतरायला मिळालेल्या चार खोल्या भट्टीएवढ्या लहान नि वरून गोल होत्या, अशी तक्रार त्याने रोजनिशीत लिहून ठेवली आहे. त्याच्या पदरचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने सराईची रीतही नोंदवली. निवारा मिळे, अंथरूण नि स्वयंपाकी मात्र ज्याचा त्याने आणायचा.

म्हणजे सराई ही खानावळ नव्हती, बरं का! काही ठिकाणी भटियारे रांधून देत. पण पुष्कळ वाटसरू आपली चूल आपणच मांडीत. पीठ, डाळ, तूप, सरपण घ्यायचे ते जवळच्या गावातून. म्हणून वाटसरूच्या जिभेला लागे ती त्या गावच्या शेताची चव. पुढे त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने नवापूरच्या तांदळाची केवढी वाखाणणी केली! दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा, असे तो सांगतो.

आता आपले पदार्थ पाहा. रो साहेबाने हेच खाल्ले, असे मी म्हणत नाही. पण शेतात आहे त्यातून पान वाढायचे, ही रीत तीच. हिवाळ्यात कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या उरतात आणि वांगीही तेव्हाच भरात येतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्याची साल करपते, गराला धुराचा वास लागतो. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर तो लाकडी मुसळीने ठेचला की झाले भरीत! बट्टीला तवाही नको. गोवऱ्यांचे निखारे पुरतात. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळतात. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते उडीद भरून काढतो. आजीने हे पुस्तकात वाचले नव्हते. पण तिचे प्रमाण चुकले नाही.

२०१६ मध्ये जळगावची भरिताची वांगी, जळगावची केळी आणि नवापूरची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारदरबारी मान झाला, पण घरच्या पानात संकोच राहिला, तर काय उपयोग? पाहुण्याला पनीर त्याच्याही गावी मिळते. कळणा कुठे मिळणार?

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे करावे. प्रत्येक मुलाला आजीकडून एक पदार्थ लिहून आणायला सांगावा: धान्य कोणते, सरपण कोणते, हंगाम कोणता. ती वही गावाच्या उपयोगी पडेल. आणि पुढचा पाहुणा आला की, मंडळी, आधी भाकरीचे पीठ मळायला घ्या!