सराउंड साउंडमधील ‘तेच ते’ अल्बम : अभिजात संगीताचा कंटाळा का येतो आणि त्यावर उपाय काय?

महागड्या ध्वनियंत्रणेची चाचणी घ्यायची असली की जगभरातील दुकानांत आणि ध्वनिप्रदर्शनांत ठरावीक अल्बम हमखास वाजतात. ईगल्स या अमेरिकी वाद्यवृंदाचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ ही त्यांतील ठळक नावे. यांतील एकही कलाकृती सामान्य नाही. तरीही सराउंड साउंडच्या अनेक निष्ठावंत श्रोत्यांना आता त्यांचा पहिला सूर ऐकताच कंटाळा येऊ लागला आहे.

हा कंटाळा केवळ चोखंदळ रसिकांची तक्रार म्हणून सोडून देता येणार नाही. श्रोत्याला चारी बाजूंनी वेढणारे ध्वनिमुद्रण घराघरांत पोहोचवण्याचे दोन मोठे प्रयत्न यापूर्वी फसले आहेत. तिसरा प्रयत्न सध्या सुरू आहे. जुन्या लोकप्रिय अल्बमची पुन्हापुन्हा विक्री एवढाच त्याचा अर्थ उरला, तर या तंत्राची स्वतंत्र कला म्हणून वाढ होण्याची शक्यता पुन्हा मावळू शकते.

सहा वाहिन्यांचे गणित

नेहमीच्या स्टिरिओ ध्वनीत डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या असतात. ‘५.१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सराउंड पद्धतीत सहा वाहिन्या असतात. समोर डावा, मध्य आणि उजवा असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे आणखी दोन, आणि केवळ खर्जातील आवाजांसाठी सहावी मर्यादित वाहिनी. दशांश चिन्हानंतरचा एक हा आकडा याच सहाव्या वाहिनीचा निदर्शक आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार समोरचे डावे व उजवे स्पीकर मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि मागचे स्पीकर १०० ते १२० अंशांच्या दरम्यान ठेवले जातात.

२०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉस या पद्धतीने त्यात उंचीची भर घातली. छतावरील स्पीकर हा तिचा दृश्य भाग झाला. खरा बदल ध्वनीची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत आहे. एखादा आवाज अमुक स्पीकरमधून यावा, असे या पद्धतीत पक्के ठरवले जात नाही. तो खोलीतील कोणत्या बिंदूवर असावा याची नोंद होते आणि उपलब्ध स्पीकरांच्या संख्येनुसार यंत्रणा त्याची मांडणी करते. हेडफोनवर ऐकताना डोके व कानांच्या रचनेमुळे ध्वनीत होणारे सूक्ष्म बदल गणिताने निर्माण केले जातात आणि आवाज बाहेरून येत असल्याचा भास होतो. प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्याने हा भास सर्वांना सारखाच पटत नाही.

अवकाशाची ही ओढ मात्र विजेच्या ध्वनियंत्रणेपेक्षा कितीतरी जुनी आहे. व्हेनिसमधील सेंट मार्क्स चर्चमध्ये सोळाव्या शतकात गायक व वादकांचे गट वेगवेगळ्या ठिकाणी उभे करून संगीत सादर होत असे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३७ मध्ये आपल्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार गट चार दिशांना विभागले. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी ‘फँटासाउंड’ ही बहुवाहिनी पद्धत वापरली गेली. पण खर्चामुळे ती मोजक्याच चित्रपटगृहांपुरती राहिली.

दोन फसलेले प्रयत्न

घरगुती श्रोत्यांसाठी पहिला मोठा प्रयत्न झाला तो १९७० च्या दशकात, चार वाहिन्यांच्या ‘क्वाड्राफोनिक’ ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती एकाच वेळी बाजारात उतरल्या. कोणती यंत्रणा घ्यावी हेच ग्राहकाला कळेना. दशक संपण्यापूर्वीच हा प्रयोग थंडावला.

दुसरा प्रयत्न नव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाला. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली, तर पाठोपाठ २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ ही प्रतिस्पर्धी तबकडी आली. पुन्हा दोन तट पडले. अनेक यंत्रांना सहा स्वतंत्र तारांची जोडणी लागे. त्याच सुमारास एमपी३ आणि आयपॉडमुळे संगीत खिशात मावू लागले होते. श्रोत्यांनी सोय निवडली आणि सराउंड संगीत छंदिष्टांच्या छोट्या वर्तुळात परतले.

जुनेच अल्बम का?

दोन्ही प्रयत्नांत कंपन्यांनी एकच धोरण अवलंबले. नवी पद्धत, महाग यंत्रणा आणि मर्यादित ग्राहक असताना जोखीम कमी करण्यासाठी हमखास खपणारी नावे पुढे करण्यात आली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता. अशा अल्बमची नवी आवृत्ती तोट्यात जाण्याची भीती नसते. म्हणूनच या एकाच अल्बमची बहुवाहिनी मिश्रणे तीन वेळा झाली : १९७३ मध्ये अ‍ॅलन पार्सन्स यांनी केलेले चार वाहिन्यांचे, २००३ मध्ये जेम्स गथ्री यांनी केलेले ५.१ चे आणि २०२३ मध्ये गथ्री यांनीच सिद्ध केलेले अ‍ॅटमॉसचे.

ग्रॅमी पुरस्कारांतही हाच कल दिसतो. सराउंड अल्बमसाठीचा स्वतंत्र पुरस्कार २००५ मध्ये सुरू झाला. पहिल्या चार वर्षांतील दोन मानकरी जुन्या संगीताच्या नव्या आवृत्त्या होत्या : २००६ मध्ये ‘ब्रदर्स इन आर्म्स’ची विसाव्या वर्षाची आवृत्ती आणि २००८ मध्ये बीटल्सच्या गाण्यांचे तुकडे नव्याने जोडून तयार केलेला ‘लव्ह’.

यामागे तांत्रिक कारणही आहे. अस्सल सराउंड मिश्रणासाठी प्रत्येक वाद्य आणि आवाज स्वतंत्रपणे नोंदवलेली मूळ मल्टीट्रॅक फीत हाती लागते. ती जपून ठेवण्याची काळजी साहजिकच यशस्वी कलाकारांच्या बाबतीत अधिक घेतली गेली. जे लोकप्रिय होते ते टिकले आणि जे टिकले तेच पुन्हा प्रसिद्ध झाले, असे हे वर्तुळ आहे.

कंटाळ्याचे मानसशास्त्र

आपल्याकडे ‘अतिपरिचयादवज्ञा’ ही उक्ती रूढ आहे. मानसशास्त्राचे उत्तर मात्र थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, केवळ वारंवार समोर आल्यानेही एखादी गोष्ट आवडू लागते. गाणे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अधिक भावते, ते यामुळेच. डॅनियल बर्लाइन यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार मात्र आवडीचा आलेख उलट्या ‘यू’ अक्षरासारखा असतो. अपरिचित गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते, ओळख वाढेल तसा आनंद वाढतो आणि पुढे नवे काही हाती लागेनासे झाले की तो उतरणीला लागतो.

कंटाळा हा कलाकृतीवरील निकाल नसतो, असा याचा अर्थ. पुढचा प्रत्येक स्वर आधीच ठाऊक असल्याने मन ऐकण्याचे काम सोडून देते. यंत्रणेच्या प्रात्यक्षिकांत तर हे अधिकच घडते, कारण तिथे गाणे ऐकले जात नाही, तपासले जाते. ईगल्सच्या १९९४ च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधील ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे उदाहरण बोलके आहे. त्यातील गिटारची सुरुवात आणि तालवाद्याचा खोल ठोका स्पीकरची परीक्षा घेण्यासाठी इतका वापरला गेला की, पुढे येणाऱ्या गाण्याकडे लक्ष देण्याची सवयच मोडली.

जुने नवे होते तेव्हा

तरीही प्रत्येक पुनर्मिश्रण हा व्यापारी कावा मानणे अन्यायाचे ठरेल. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘टाइम’ या गीताच्या आरंभी वाजणारी घड्याळे पार्सन्स यांनी मुळात चार वाहिन्यांच्या ध्वनीचे प्रात्यक्षिक म्हणूनच नोंदवली होती. हा वाद्यवृंद १९६७ मध्येच लंडनच्या मैफलीत प्रेक्षकांभोवती ध्वनी फिरवत होता. अशा संगीताला सराउंड रूप देणे म्हणजे त्याच्यातील मूळ कल्पनेला मोकळी जागा देणेच होय.

ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस आणि एक्सटीसी यांच्या अल्बमवर केलेले काम या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते. दाट वाद्यमेळात दडून गेलेली एखादी बासरी किंवा साथीचा आवाज वेगळ्या दिशेने आला की, परिचित रचनेची वीण नव्याने उमगते. बर्लाइन यांच्या भाषेत सांगायचे, तर आलेखाच्या उतरणीवर पोहोचलेला श्रोता पुन्हा थोडा वर चढतो.

याउलट, मूळ स्टिरिओ मुद्रणावर प्रक्रिया करून त्याचा ध्वनी यांत्रिकपणे मागच्या स्पीकरांत पसरवला, तर नवे काहीच कळत नाही. मिश्रणकारांतही दोन पंथ आहेत. मागून केवळ सभागृहाचा निनाद यावा, असे एकाचे मत. श्रोत्याला थेट वादकांच्या मधोमध बसवावे, असे दुसऱ्याचे. कोणताही पंथ स्वीकारला, तरी आवाज अमुक जागी का आहे याचे सांगीतिक कारण असावे लागते.

वळणाबाहेरचे अल्बम

रुळलेल्या यादीबाहेर पाहिले, तर या माध्यमातील उत्तम कामाची कमतरता नाही. आइसलँडच्या ब्योर्क यांचे अल्बम २००६ मध्ये ‘सराउंडेड’ या संचात आले. त्यातील ‘व्हेस्पर्टाइन’मध्ये वीणेसारखे हार्प, संगीतपेट्या, समूहगान आणि बारीक खुडबुडीसारखे ठेके यांनी विणलेले जाळे श्रोत्याभोवती उभे राहते. बेक यांचा ‘सी चेंज’ हा विरहभावनेचा संथ अल्बम सराउंडमध्ये कुठेही दिखाऊ होत नाही. पॉर्क्युपाइन ट्रीचा ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ आणि एक्सटीसीचा ‘स्कायलार्किंग’ हेही जाणकारांच्या पसंतीचे आहेत.

अमेरिकेतील फ्लेमिंग लिप्स या वाद्यवृंदाने १९९७ मध्ये काढलेला ‘झायरीका’ तर यंत्रणेच्या चौकटीलाच बगल देतो. त्यात चार सीडी असून त्या चार वेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावायच्या असतात. हात थोडे मागे-पुढे झाले की प्रत्येक वादन निराळे होते. तो ऐकण्यासाठी बहुधा मित्रांना बोलवावे लागते आणि एकट्याने ऐकण्याची सवय आपसूकच मोडते.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात नॉर्वेच्या ‘टू एल’ या संस्थेचे मॉर्टेन लिंडबर्ग वादकांना चर्चमध्ये मायक्रोफोनच्या भोवताली बसवून मुद्रण करतात. त्यांच्या ‘लक्स’ या अल्बमला २०२० चा ग्रॅमी मिळाला. पेंटाटोन या संस्थेने फिलिप्सने १९७० च्या दशकात चार वाहिन्यांत नोंदवलेले, पण त्या काळी त्या रूपात न पोहोचलेले संगीत सुपर ऑडिओ सीडीवर आणले. जुने संगीत पुन्हा काढणे आणि तेच ते पुन्हा विकणे यांतील फरक या उपक्रमातून स्पष्ट होतो.

भारतीय श्रोत्यांसमोरील प्रश्न

भारतात सराउंड ध्वनीची ओळख प्रामुख्याने चित्रपटगृहांतून झाली. १९७५ च्या ‘शोले’ने ७० मिलिमीटर पडद्यासोबत बहुवाहिनी ध्वनीची ताकद प्रेक्षकांना जाणवून दिली. पण चित्रपटसंगीताच्या ज्या सुवर्णकाळाविषयी सर्वाधिक ओढ आहे, त्यातील बहुतांश गाणी गायक व वादकांना एकत्र बसवून एकाच पट्टीवर नोंदवली गेली. सारंगी वेगळी आणि गायिका वेगळी अशी फीतच अस्तित्वात नाही.

‘मुघल-ए-आझम’च्या २००४ मधील रंगीत आवृत्तीच्या वेळी यावर एक मार्ग काढण्यात आला. मूळ गायकांचे आवाज कायम ठेवून नौशाद यांनी उत्तम सिंग यांच्या साहाय्याने वाद्यसंगीत नव्या बहुवाहिनी ध्वनीसाठी पुन्हा उभे केले. ध्वनी विशाल झाला. पण १९६० मधील वादकांचा वाजवता हात त्यात किती उरला, हा प्रश्नही त्यासोबत आला. आता संगणक शिकून घेत एकत्र मिसळलेले आवाज विलग करू शकतात. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची २०२२ मधील आवृत्ती अशाच तंत्रामुळे शक्य झाली. हे तंत्र भारतीय संग्रहांपर्यंत पोहोचेल, तेव्हा कोणती गाणी निवडली जातात हे पाहणे महत्त्वाचे ठरेल. पुन्हा तीच पन्नास लोकप्रिय गीते निवडली गेली, तर विस्मरणात चाललेला मोठा ठेवा तसाच राहील.

निवडीचा प्रश्न आज अधिक तातडीचा आहे. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून अ‍ॅटमॉसमधील संगीत साध्या हेडफोनवरही उपलब्ध करून दिले. स्पीकरांचा संच नसलेला श्रोताही आता या वर्तुळात आला आहे. २०२४ मध्ये या सेवेने अशा संगीतासाठी दहा टक्क्यांपर्यंत वाढीव मानधन जाहीर केले. त्यामुळे संख्या वाढेल; गुणवत्ता वाढेलच असे नाही. घाईने केलेली पुनर्मिश्रणे आणि विचारपूर्वक घडवलेले अल्बम एकाच यादीत, एकाच खुणेसह शेजारी-शेजारी दिसतात.

श्रोत्याच्या हाती दोन साध्या गोष्टी उरतात. आवडीच्या पण शिळ्या वाटू लागलेल्या अल्बमला काही महिने विश्रांती द्यावी. उतरणीला लागलेला आनंद खंडानंतर पुष्कळदा परततो. आणि नवी यंत्रणा घेताना विक्रेत्याने लावलेल्या तबकडीवर समाधान न मानता आपल्याला अनोळखी असलेला एखादा अल्बम मागून ऐकावा. मागणी बदलल्याशिवाय यादी बदलत नाही, हे गेल्या अर्धशतकातील दोन्ही अपयशांनी दाखवून दिले आहे.